तर्कशास्त्र आणि लाल झेंडा

तर्कशास्त्राची माणसं राजकारणापासून चार हात लांब राहतात, असा आपला समज. तर्कशास्त्रावर उभ्या असलेल्या विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाचा इतिहास वेगळंच सांगतो. बर्ट्रांड रसेल युद्धविरोधापायी १९१८ मध्ये तुरुंगात गेले आणि अण्वस्त्रविरोधी आंदोलनात, १९६१ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी पुन्हा!

‘व्हिएन्ना वर्तुळ’ या तत्त्वज्ञांच्या गटातले ऑटो नॉयराथ तर उघड समाजवादी. समाजवाद्यांच्या ताब्यातल्या व्हिएन्नात त्यांनी १९२५ मध्ये एक संग्रहालय सुरू केलं. घरं, बेकारी, आरोग्य यांचे आकडे तिथे चित्रांच्या तक्त्यांतून मांडलेले असत. एक बाहुली म्हणजे ठरावीक माणसं. संख्या वाढली की बाहुली मोठी करायची नाही, बाहुल्या वाढवायच्या. फारसं न शिकलेल्या कामगारालाही ते नुसतं मोजून पडताळता यावं, हा हेतू. पडताळता न येणाऱ्या विधानांवर तुटून पडणारं या वर्तुळाचं तत्त्वज्ञान इथे भिंतीवर उतरलं होतं. १९३४ मध्ये समाजवाद्यांचा पाडाव झाला आणि नॉयराथ परागंदा झाले.

अर्थात तर्क माणसाला आपोआप डावीकडे नेत नाही. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ क्वाइन चांगलेच उजवे होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांच्यापुढे तर फारच अवघड पेच उभा राहिला. वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात उतरल्यामुळे जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेवरचा त्यांचा ग्रंथ वर्षानुवर्षं रखडला. तो अखेर १९७३ मध्ये आला. ज्या फ्रेगेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं, त्याच्याच डायरीत ज्यूद्वेष आढळल्याचा धक्का डमेट यांनी प्रस्तावनेतच नोंदवला.