आधी खोली, मग यंत्रे

घरच्या घरी चित्रपटगृह उभारताना पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले. त्यानंतरची वर्षे आठवून पाहा. घराघरातून वर्गणी काढायची, एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि चाळीच्या पटांगणात चटया अंथरून पहाटेपर्यंत लागोपाठ तीन सिनेमे पाहायचे. पुढच्या जागेसाठी पोरांची भांडणे व्हायची. मागच्यांना संवाद निम्मेच ऐकू यायचे, उरलेले शेजारच्याला विचारून घ्यायचे. तरीही त्या रात्रीची मजा वेगळीच होती.

आज घरोघरी टीव्ही आहे आणि हाताहातात मोबाईल आहे. पण सर्वांनी एकत्र बसून मोठ्या पडद्यावर, चांगल्या आवाजात सिनेमा पाहावा ही ओढ काही गेलेली नाही. अमेरिकेतल्या साध्या नोकरदार माणसाने हीच हौस आपल्या घराच्या तळघरात भागवली. तिकडे नोकरी-शिक्षणासाठी गेलेली आपली मुले व्हिडिओ कॉलवर "हे आमचे बेसमेंट" म्हणून जी खोली दाखवतात, तीच ही. तेथील लोकांनी स्वतःच्या हाताने ही कामे करताना बऱ्याच चुका केल्या आणि त्यातून ते बरेच शिकले. ते आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतही उपयोगी पडणारे आहे.

तळघरच का?

अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात जमीन गोठते आणि फुगते. घर हलू नये म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटा राज्यात तो साडेतीन ते पाच फूट खोल घ्यावा लागतो. एवढे खणायचेच, तर आणखी थोडे खणून खोली का काढू नये? अशी ही तळघरे झाली. पूर्वी तेथे कोळशाची भट्टी आणि अडगळ असे.

सिनेमाला हवे ते सगळे तेथे आयतेच मिळाले. उजेड नाही, भिंती जाड आणि तीन-चार बाजूंनी माती, त्यामुळे शेजाऱ्याला त्रास नाही. मूळचे ग्रीसचे आणि न्यूयॉर्कमध्ये मासिकांच्या मांडणीचे काम करणारे थिओ कॅलोमिराकिस यांनी १९८० च्या दशकात ब्रुकलिनमधील आपल्या घराच्या तळघरात 'रॉक्सी' नावाचे छोटे चित्रपटगृह उभारले. पुढे श्रीमंतांसाठी अशी चित्रपटगृहे आखणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. ज्यांच्याजवळ तेवढा पैसा नव्हता, त्यांनी रविवारी हातोडी आणि करवत हाती घेतली.

पहिली परीक्षा ओल आणि हवेची

नवखा माणूस आधी दुकानात जातो आणि जाणता माणूस आधी भिंतीला हात लावून पाहतो. तळघराच्या फरशीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवतात. खाली पाण्याचे थेंब दिसले तर ओल जमिनीतून येते आहे असे समजावे. ती न थांबवता वर गालिचा घातला, की बुरशी धरते आणि सगळा खर्च मातीमोल होतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. मातीतल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो तळघरात साचतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानानंतरचे दुसरे मोठे कारण हाच वायू आहे. तेथील पर्यावरण खात्याचा सल्ला असा, की प्रमाण लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आढळले तर उपाय करावाच. फरशीखालून नळी काढून पंख्याने तो वायू छपरावर सोडतात. जेथे आपली मुले तासन् तास बसणार, तेथली हवा आधी तपासणे हे पहिले कर्तव्य नव्हे काय?

आवाज अडवणे आणि आवाज शोषणे

येथे अनेकांची फसगत होते. भिंतीला स्पंज किंवा अंड्यांचे ट्रे लावले म्हणजे आवाज बाहेर जात नाही, हा समज साफ चुकीचा आहे. स्पंज खोलीतला घुमारा कमी करतो, पण आवाज अडवत नाही. अंड्यांच्या ट्रेने तर घुमाराही धड जात नाही, उलट आगीला निमंत्रण मिळते.

आवाज अडवायला वजन लागते. म्हणून तेथील लोक लाकडी चौकटीत दगडी लोकर भरतात, त्यावर जिप्समच्या जाड बोर्डाचे दोन थर ठोकतात आणि मध्ये कंप जिरवणारा चिकट लेप देतात. शिवाय दाराखालची फट बुजवतात. पाणी जसे बारीक भोकातून वाट काढते, तसाच आवाजही काढतो.

काळोख फुकट मिळतो

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर जेथे उजेड पडत नाही तेवढेच काळे दिसते. खोलीचे छत पांढरे असेल तर पडद्याचा उजेड छतावर आदळून परत पडद्यावर येतो आणि रात्रीचे दृश्य राखाडी दिसते. छताला आणि पडद्याजवळच्या भिंतीला गडद, बिनचमकीचा रंग दिला की जुनाच प्रोजेक्टर नव्यासारखा दिसू लागतो.

पडदाही घरी होतो. लाकडी चौकटीवर जाड पांढरे, उजेड आरपार न सोडणारे कापड ताणून बसवावे. १०० इंची रुंद पडदा सुमारे ८७ इंच लांब आणि ४९ इंच उंच असतो. त्यासाठी दहा ते साडेतेरा फुटांवर बसावे. खोली लहान असेल तर पडदा लहान घ्यावा. मान वळवून पाहावे लागत असेल तर मोठ्या पडद्याची मौज जाऊन डोकेदुखीच उरते.

पाच आणि एक

१९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल आवाज आला. त्यात समोर डावा, मधला, उजवा आणि बाजूला दोन असे पाच आवाज, आणि धडधडाटासाठी वेगळा सहावा. यालाच ५.१ म्हणतात. पुढे डीव्हीडीने तो घरात आणला.

यात सर्वांत महत्त्वाचा मधला स्पीकर, कारण बहुतेक संवाद त्यातूनच येतात. तो शक्यतो कानाच्या उंचीला असावा. धडधडाटाच्या स्पीकरला, म्हणजे सबवूफरला, जागा शोधण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. ४० हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे २८ फूट लांब असते. लहान खोलीत ती भिंतींवर आदळून कुठे दुप्पट होते, कुठे नाहीशी होते. म्हणून सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, गाणे लावायचे आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जायचे. जेथे आवाज साफ आणि सारखा वाटेल, तेथे सबवूफर न्यायचा. घरचे हसतात, पण याला एक पैसाही लागत नाही.

सुधारणा पायरीपायरीने

यंत्रे दर चार वर्षांनी जुनी होतात. पूर्वीचे तीन नळ्यांचे प्रोजेक्टर मोठ्या ट्रंकेएवढे अवजड असत आणि छताला टांगलेले असत. पुढे हलके डिजिटल आले, मग ४के. तारांचे तसेच. ज्यांनी जुन्या तारा भिंतीत कायमच्या पुरल्या, त्यांना नव्या तारांसाठी भिंती फोडाव्या लागल्या. ज्यांनी भिंतीत रिकामा पाईप टाकून आत एक दोरी सोडून ठेवली होती, त्यांनी दोरीला नवी तार बांधून पाच मिनिटांत ओढून घेतली. पुढचा विचार करून टाकलेला हा साधा पाईप महागड्या यंत्रापेक्षा अधिक कामाचा ठरला.

चांगले स्पीकर मात्र लवकर जुने होत नाहीत. कडेचा स्पंज किंवा कागद फाटला तर बदलून मिळतो. म्हणून स्पीकरवर आधी आणि प्रोजेक्टरवर शेवटी खर्च करावा, असा त्या मंडळींचा अनुभव आहे.

आपल्या घरात

आपल्याकडे तळघर नाही आणि भिंत शेजाऱ्याशी सामाईक. मग काय करावे? खिडकीला जाड गडद पडदा लावा. समोरच्या भिंतीसमोर गोधड्यांची चवड किंवा कपड्यांनी भरलेले उघडे फडताळ असू द्या, घुमारा जातो. सुरुवातीला दोनच चांगले स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर पुरे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली पायाखालून घातली तर दुरुस्त केलेला मालही मिळतो, मात्र वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. तार जोडताना लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडा. एक जरी उलटे झाले, तर आवाजातला भरदारपणा जातो. सबवूफर जमिनीवर थेट न ठेवता जाड रबरावर ठेवा आणि रात्री दहानंतर तो बंदच ठेवा. खालच्या घरात कुणाचे तान्हे बाळ झोपलेले असते, कुणाची दहावीची परीक्षा असते.

विजेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. एकाच प्लगवर चार पिना लटकवू नका. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा स्विच बसवा. हौसेसाठी जीव धोक्यात घालायचा नसतो.

आणि हप्त्यांवर काही घेऊ नका. हप्ता फिटेपर्यंत वस्तू जुनी होते आणि घरात सिनेमापेक्षा हप्त्याचीच चर्चा जास्त होते. या वर्षी पडदा शिवा, पुढच्या वर्षी स्पीकर घ्या. चौकटीला खिळे ठोकताना मुलाला हातोडी धरू द्या, तार सोलायला मुलीला शिकवा. तयार यंत्र दुकानातून कुणीही आणील. आपल्या हाताने ताणलेल्या कापडावर पहिले चित्र उमटते, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो काही प्रोजेक्टरचाच नसतो.