उबेचा हिशेब

महाराष्ट्राचा हिवाळा हा तसा पाहुणाच. दिवाळीचे फटाके विझले की तो दाराशी येतो आणि रथसप्तमीच्या आसपास जाण्याची भाषा बोलू लागतो. काश्मीर किंवा हिमाचलच्या माणसाला आपल्या थंडीचे हसूच येईल. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदले गेले, ते आजही आपण विक्रम म्हणून सांगतो. नागपूरने २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश पाहिले. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा अधूनमधून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. एरवी बहुतेक गावांचे दहा-बारा अंशांवर भागून जाते.

पण पाहुणा दोन-अडीच महिन्यांचाच असल्यामुळे आपण त्याच्यासाठी घरे कधी बांधलीच नाहीत. आपली घरे उन्हाळ्यासाठी आणि पावसाळ्यासाठी. खाली शहाबादी फरशी किंवा सारवलेली जमीन, भिंतीला झरोका, दाराखालून बोटभर फट, वर कौले नाहीतर पत्रे. वैशाखात जी फट वाऱ्याची झुळूक देते, तीच पौषात पाळण्यातल्या पोराच्या पायाला झोंबते. थंड मुलखातल्या घराला स्वतःची ऊब असते. आपल्याकडे ती रोज सकाळी नव्याने, हाताने तयार करावी लागते. म्हणजे घरात कुणाला तरी सर्वांच्या आधी उठावे लागते. लहान मुले असलेल्या घरातला हिवाळा समजून घ्यायचा असेल तर थर्मामीटर नंतर पाहावा. आधी पहिला कोण उठतो ते पाहावे.

एके काळी हा पहिला उठणारा माणूस बंबाजवळ सापडायचा. परसात किंवा मोरीच्या तोंडाशी तांब्याचा बंब, मधल्या नळकांड्यात करवंट्या, चिपाडे, शेणी. जितके गरम पाणी खाली चावीतून घ्यायचे तितके गार पाणी वरून ओतायचे, हा त्याचा नियम. घरात आठ-दहा माणसे असली तर पहाटे पाचला पेटलेला बंब नऊपर्यंत धगधगत असे, आणि शाळकरी पोरे अंघोळीपूर्वी त्याच्याभोवती हात शेकत उभी राहत. तान्ह्या बाळाची अंघोळ हा तर सोहळाच. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसायची, बाळ तिच्या नडगीवर पालथे. कोमट तेल, मग डाळीचे पीठ आणि साय, मग कढत वाटेल असे पाणी. नंतर दुपट्यात गुंडाळून, कुंची घालून बाळ आजीच्या मांडीवर, आणि आजी कोवळ्या उन्हात. बाहेर पडून गेलेल्या आजोबांना विचारले तर बाळ नुसते 'झोपलेले' असे. त्या झोपेमागे चार बायकांची तीन तासांची मेहनत आहे, याची नोंद कुठल्याच वहीत नसायची.

या जुन्या रीतींवर गहिवरून लिहिण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. त्यांतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे मात्र नीट निवडले पाहिजे. अंगाला हलक्या हाताने तेल लावण्याला बालरोगतज्ज्ञांची सहसा हरकत नसते. पण तेच तेल नाकाकानात घालू नका, असे ते बजावून सांगतात. वेखंड-ओव्याची धुरी बंद खोलीत दिली की तिचा वास आपल्याला पवित्र वाटतो, बाळाच्या फुफ्फुसाला मात्र तो धूरच असतो. जन्मल्याबरोबर बाळाला अंघोळ घालण्याची घाई तर थंडीत फारच महागात पडू शकते. पहिली अंघोळ निदान चोवीस तास पुढे ढकलावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि उबेचा सर्वांत जुना उपाय विज्ञानाने पुन्हा नव्याने सिद्ध केला आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे सनाब्रिया या डॉक्टरांनी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तिलाच आज 'कांगारू पद्धत' म्हणतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी ती जन्मानंतर लगेचच सुरू करावी अशी शिफारस केली. पदराखाली घेणे म्हणजे काय, हे आपल्या बायकांना कुणी सांगायला नको होते.

थंडीत मुले असलेल्या घराची रात्र खोकल्यावर चालते. एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू. बहुतेक खोकले हळद-दुधाने नाही तर नुसत्या चार दिवसांनी बरे होतात. पण त्यांतला एखादा न्यूमोनिया असतो, आणि तो ओळखायचा कसा, हा प्रश्न ज्या गावात डॉक्टर नाही तिथे जीवनमरणाचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. न्यूमोनियात श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचा पन्नास किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा चाळीस किंवा अधिक झाला, की धोका. पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग एक साधे साधन तयार झाले : मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि ओळीने मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याशी हात पोचला, तर औषध द्यायचे. आयुष्यभर आकड्यांच्या वह्या तपासलेल्या माझ्यासारख्याला त्या मण्यांइतका चोख हिशेब दुसरा आठवत नाही. गावातल्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बाळाला उबदार ठेवण्यापासून जंतुसंसर्गावरील उपचारापर्यंत सारे घरातच देऊन, त्यांनी तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी खाली आणले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्यात मोठे यंत्र नव्हते. रात्री उठून बाळाजवळ बसणारे माणूस होते, आणि बसून काय पाहायचे हे त्याला कुणीतरी शिकवले होते.

शहरात आता बंब गेला, गीझर आला. पाणी बटणावर तापते. त्या मानाने सकाळ सैल व्हायला हवी होती. ती उलट आवळली गेली. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातची शाळा म्हणजे सूर्याच्याही आधीची शाळा. सहा-सात वर्षांचे पोर साडेपाचला पांघरुणातून ओढून काढायचे, अर्धवट झोपेत त्याच्या तोंडात ब्रश, अंगात स्वेटर, हातात दुधाचा पेला. स्वेटरची एक बाही घालेपर्यंत ते पुन्हा आईच्या खांद्यावर झोपलेले. खाली रिक्षावाले काका भोंगा वाजवताहेत. अशा वेळी मुलाला काय मिळते? स्वेटर मिळतो, कानटोपी मिळते. ऊब मिळत नाही. कारण ऊब ही काही अंशी सवड असते, आणि ती त्या घरात कुणाकडेच नसते.

साधे गणित मांडून पाहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. साडेपाचला उठायचे तर निदान साडेआठला डोळे मिटायला हवेत. साडेआठला बाप लोकलमध्ये लोंबकळत असतो आणि आई पोळ्या लाटत असते. त्यांनी मुलाचे तोंड पाहायचे कधी? ही तूट रोज पुढे ओढली जाते, आणि रविवारी अकरापर्यंत लोळून मूल तिचे व्याज तेवढे फेडते. मुद्दल तसेच राहते.

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात म्हटले होते. मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार त्यामागे होता. त्यावर दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळा, बसगाड्यांच्या फेऱ्या, नोकरीवर जाणारे आईबाप अशा अडचणी पुढे आल्या. त्या खऱ्याच आहेत. पण गंमत पाहा, या साऱ्या अडचणी मोठ्यांच्या आहेत आणि त्यांवरचा तोडगा म्हणून उठवायचे आहे ते लहानाला. इमारत कमी पडते म्हणून उजाडण्यापूर्वी उठणारा चार फुटी नागरिक कुठल्याही सभेत हात वर करू शकत नाही.

थंडीसाठी रात्र जागवणे आपल्याला जमत नाही, असे मात्र नाही. नाशिक जिल्ह्यात नोकरीच्या निमित्ताने मी काही हिवाळे काढले. पारा घसरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाण्याची भीती; मग शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने वेलींना पाणी सोडतात. सारे घर जागे होते, बापही, थोरला मुलगाही. पिकावर कर्ज असते, त्यामुळे त्या जागरणाला किंमत असते. घरात बाळाच्या खोकल्यासाठी जागणारी बाई मात्र एकटीच जागते.

आणि जिथे थंडी हाच फायदा आहे, अशीही एक शेती आहे. कोरडी, थंड हवा पडली की उसात साखर चांगली भरते, कारखान्याचा उतारा वाढतो. ज्या गारठ्यात साखरेचे आकडे वर जातात, त्याच गारठ्यात बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी कामगारांची पोरे उघड्यावर असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून 'एक कोयता'; खाडा झाला तर पैसे कापले जाणार. पाचट आणि ताडपत्रीची कोपी, पहाटे चारला फडाची वाट, बैलगाडीत पटकुरात गुंडाळलेले तान्हे मूल. उजाडेपर्यंत ते पाचटावर निजते आणि आठ वर्षांची बहीण त्याच्यावर लक्ष ठेवते. इथेही पहिली आईच उठते. पण तिला बाळासाठी उठता येत नाही, उसासाठी उठावे लागते. तिच्यापाशी माया कमी नाही, हात मोकळे नाहीत.

शाळेच्या वयाच्या मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. त्याआधी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही चालल्या. पण अंगावर पिणाऱ्या मुलाला वसतिगृहात कोण ठेवणार? ते आईबरोबरच येणार. अंगणवाडी १९७५ पासून देशात आहे, पण ती उघडते त्याच्या कितीतरी आधी कोयता चालू झालेला असतो. फडाच्या कडेला, पहाटे चारपासून उघडे असलेले, चार भिंती, गरम पाणी आणि दोन शहाण्या बायका असलेले पाळणाघर हे साखरेच्या किमतीत बसणार नाही, असे कुणी म्हणाले तर मला त्याचे हिशेब तपासायला आवडतील.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आपल्याकडे बोरन्हाण घालतात. पाच वर्षांच्या आतले मूल, अंगात काळे झबले, गळ्यात हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा ओतायच्या आणि आळीतल्या पोरांनी त्यावर झडप घालायची. मधे बसलेले उत्सवमूर्ती बहुधा भोकाड पसरते. या सणातली मला आवडणारी गोष्ट अशी की, बोरे एका मुलाच्या डोक्यावर पडतात, पण वेचून खातात सगळी. सोहळा घरचा, खाऊ आळीचा. थंडीत आपले मूल धडधाकट राहावे असे वाटत असेल तर शेजारच्या पोराच्या ओंजळीतही काही पडले पाहिजे, एवढे शहाणपण त्या रीतीत नक्की आहे. त्या करव्यांतला ऊस कुणी तोडला, हे विचारण्यापर्यंत ते अजून पोचलेले नाही.

करायचे ते फार अवघडही नाही. घरात पहिले उठण्याची पाळी लावता येते. गीझरचे बटण पुरुषाच्या बोटानेही दाबले जाते, आणि खोकणाऱ्या मुलाजवळ बसून त्याचे श्वास मोजायला बापालाही येतात. शाळेला, निदान मार्गशीर्ष ते माघ, सूर्य उगवेपर्यंत थांबता येईल. आणि कारखान्याच्या ताळेबंदात उताऱ्याच्या रकान्याशेजारी पाळणाघराचा एक रकाना वाढवता येईल. तोवर पौषातल्या पहाटे सर्वांच्या आधी उठणाऱ्या त्या बाईला निदान विचारावे, की तू झोपलीस किती वाजता?