एका सेकंदाचा हिशेब

पीएफटीचा आकडा मशीन दाखवतं, पण तो काढायचा असतो पेशंटने. म्हणून फुंकण्याआधी चार गोष्टी माहीत हव्यात.

"पूर्ण श्वास घ्या… आता फुंका! जोरात, जोरात, थांबू नका, अजून, अजून…" छातीच्या दवाखान्यात बंद दाराआडून हा आवाज आला की बाहेर बाकावर बसलेला माणूस दचकतो. आत पीएफटी चाललेली असते, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणं. त्यातली सगळ्यात जास्त होणारी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. सुई नाही, वेदना नाही. पण रक्त देताना हात पुढे केला की आपलं काम संपतं, तसं इथे होत नाही. जोर कमी पडला तर धडधाकट फुप्फुसही कागदावर आजारी दिसतं.

मोजतात काय?

लंडनचे सर्जन जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून त्याची माहिती मांडली. त्यांच्या यंत्रात पाण्यात उलटं ठेवलेलं भांडं श्वासाने वर उचललं जाई. आजचं यंत्र टेबलावर मावतं, प्रश्न मात्र दोनच: हवा किती बाहेर आली आणि किती वेगाने?

पूर्ण भरलेल्या छातीतून जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात आलेली हवा म्हणजे एफईव्ही-१. निरोगी प्रौढ माणूस साधारण ७० ते ८० टक्के हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. दम्यात किंवा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारात श्वासनळ्या अरुंद होतात आणि हा पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो. फुप्फुसं कडक झाली असतील, तर वाटा ठीक राहतो, एकूण हवाच कमी भरते.

रिपोर्टवरच्या टक्केवारीने मात्र घाबरू नका. तुमचं वय, उंची आणि लिंग पाहून जो सरासरी आकडा अपेक्षित धरतात, त्याच्याशी ती तुलना असते. '८५ टक्के' याचा अर्थ १५ टक्के फुप्फुस निकामी झालं, असा नाही.

जाण्यापूर्वी

कोणता पंप (इनहेलर) किती तास आधी थांबवायचा, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. लगेच आराम देणारा पंप सहसा चार ते सहा तास, तर दीर्घकाळ काम करणारे एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. मध्येच धाप लागली तर पंप जरूर घ्या आणि किती वाजता घेतला ते टेक्निशियनला सांगा. तासभर आधी विडी-सिगारेट नको, दमवणारा व्यायाम नको. भरल्या पोटी जाऊ नका. छाती-पोट आवळणारे कपडे टाळा. नीट बसणारी कवळी असेल तर तोंडातच ठेवा.

नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याचं, मेंदूचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा क्षयाचे उपचार सुरू असतील, तर ते आधी सांगा. तपासणी पुढे ढकलावी लागू शकते.

फुंकताना

नाकाला चिमटा, नळीभोवती ओठ घट्ट. चुलीत जाळ धरावा म्हणून फुंकणीतून बेताबेताने घातलेली फुंकर इथे चालत नाही. पहिला झटका पूर्ण ताकदीचा हवा आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं. किमान तीन चांगल्या फुंकरी लागतात, त्यातल्या उत्तम दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात. चक्कर आली, खोकला आला तर थांबा, विसावा घ्या, पुन्हा करा. टेक्निशियनचं ओरडणं रागाचं नसतं, तुमचा जोर टिकावा म्हणून असतं.

मग बहुतेकदा पंपाचे चार पफ देतात आणि पंधराएक मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगतात. आकडा चांगला वाढला तर दम्याकडे बोट जातं. पंपानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांखाली राहिला तर डॉक्टर सीओपीडीचा विचार करतात. दमा चढ-उताराचा आजार आहे, त्यामुळे बऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तेवढ्यावरून दमा नाही असं ठरत नाही.

विडी न ओढणारीसाठीही

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं. लाकूड, गोवऱ्यांचा धूर हे त्यातलं मोठं कारण. ज्या बाईने विडीला कधी हात लावला नाही, पण आयुष्यभर चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, ती जिना चढताना थांबते आणि म्हणते, "वय झालं, दम लागणारच." घरचेही मान डोलावतात.

बीपी न मोजता बीपीच्या गोळ्या आपण घेत नाही. मग दमाचं मोजमाप तरी का टाळायचं? खोकला आठवड्यांवर लांबला, चालताना धाप लागू लागली, तर डॉक्टरांना विचारा: "पीएफटी करायला हवी का?" जुना रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या आकड्याला अर्थ त्याच्यामुळेच येतो. आणि आईला सोबत न्या. तिची फुंकर एकदा तरी मोजली जाऊ द्या.