अंदाज जिल्ह्याचा, तूर आपल्या रानातली : हिवाळ्यातला पाऊस आधी कसा ओळखायचा?

डिसेंबरच्या शेवटी नांदेड-लातूरच्या शिवारात कामं एकावर एक येऊन पडतात. तूर कापणीला आलेली, हरभरा फुलात, ज्वारी पोटऱ्यात. त्यात आभाळ आलं की सगळंच अडतं. मोबाइलवर एक ॲप पाऊस दाखवतं, दुसरं ऊन दाखवतं, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी गारपिटीचा व्हिडिओ टाकलेला असतो, तो बहुतेक वेळा दोन-चार वर्षांपूर्वीचा. तूर कापून रानात टाकावी तर भिजून दाणा डागी होतो, भाव पडतो. उभी ठेवावी तर वाळलेल्या शेंगा तडकतात. म्हणजे अंदाज चुकला की नुकसान दोन्हीकडून.

आधी हा पाऊस येतो कुठून ते बघू. जून-सप्टेंबरचा पाऊस मोसमी वाऱ्यांचा, तो मोठ्या भागावर पडतो. हिवाळ्यातल्या पावसाची गोष्ट वेगळी. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशा वाटेनं थंड वाऱ्यांची वळणं आपल्या देशात येतात. हवामान विभाग त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतो, पेपरात पश्चिमी झंझावात असंही छापून येतं. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो तो यांच्यामुळेच. एरवी ती वळणं वरच्या वर निघून जातात. पण एखादं मध्य भारतापर्यंत खाली उतरतं, आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे तेलंगणाच्या बाजूनं आत शिरतात. वर थंड कोरडी हवा, खाली उबदार ओली हवा. या दोन्हींची गाठ पडते तिथं ढग उभे राहतात. ही गाठ बऱ्याचदा विदर्भावरून मराठवाडा आणि पुढं कर्नाटकापर्यंत पट्ट्यासारखी असते. पट्टा पन्नास किलोमीटर इकडंतिकडं सरकला की अहमदपुरात पाऊस आणि औशात ऊन.

वरची हवा फारच थंड असेल तर गारा. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात झालेली गारपीट आणि ११ फेब्रुवारी २०१८ ची मराठवाडा-विदर्भातली गारपीट अजून कुणी विसरलेलं नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात आणखी एक वाट असते, ती चक्रीवादळांची. ५ डिसेंबर २०२३ ला मिचाँग चक्रीवादळ आंध्रच्या बापटलाजवळ किनाऱ्यावर आलं. अशा वादळाचा उरलेला ओलावा तेलंगणातून वर सरकला तर किनवट, माहूर, देगलूर, बिलोली या पट्ट्यात ढग आधी दिसतात. निलंग्याकडं कधी नुसतं आभाळ, कधी तेही नाही.

जमिनीचा उंचसखलपणाही यात असतोच. लातूर शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, पठारावर. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, साडेतीनशे मीटरच्या आसपास. किनवट-माहूर डोंगर आणि जंगलाचं. त्यामुळं एकाच रात्री उदगीरची थंडी आणि गोदाकाठची थंडी सारखी नसते. पाऊस होऊन आभाळ मोकळं झालं की थंड जड हवा खोलगट जागी साचते, म्हणून धुकं मांजरा-गोदावरीच्या काठानं आधी धरतं. माळावरचा शेतकरी म्हणतो धुई नाही, खालचा म्हणतो हात दिसत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

आता मुख्य मुद्दा, अंदाजातल्या शब्दांचा. ‘नांदेड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ अशी बातमी आली, आपल्याकडं थेंब पडला नाही, की लोक म्हणतात अंदाज फसला. पण हवामान विभागाच्या भाषेत प्रत्येक शब्दाला माप आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या शंभर केंद्रांपैकी जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी पाऊस. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०, बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यापुढं सर्वदूर. हिवाळ्यात बहुतेक वेळा शब्द ‘तुरळक’च असतो. म्हणजे चारातली तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच. हलका, मध्यम यांनाही माप आहे: २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, त्यावर जोरदार. कापलेल्या तुरीला मात्र दहा मिलिमीटरही भारी पडतो, हे त्या ‘हलक्या’ शब्दात दिसत नाही.

ॲपवरच्या ‘४० टक्के’चं तसंच. याचा अर्थ चाळीस टक्के रान भिजेल असा नाही, थोडाच पाऊस येईल असाही नाही. तशी स्थिती दहा वेळा आली तर साधारण चार वेळा पाऊस होईल, एवढाच. वेगवेगळी ॲपं वेगवेगळ्या देशांच्या संगणकी गणितावर चालतात, म्हणून त्यांचं जुळत नाही. हे गणित जमिनीचे चौकोन पाडून होतं. मे २०२५ मध्ये भारतानं स्वतःची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू केली, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे, आधी तो बारा किलोमीटरचा होता. सहा किलोमीटर म्हणजे सुद्धा कित्येक गावांची शिवारं, आणि त्या सगळ्यांना आकडा एकच.

मग बघायचं काय? चार-पाच दिवस आधी मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज आणि पिवळा-नारंगी इशारा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यात पिकाचंही सांगितलेलं असतं. हाच सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मिळतो. ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा अंदाज ऑक्टोबर २०२४ पासून ‘मेरी पंचायत’ ॲपवर दिसतो, गावात अजून फार जणांनी तो उघडलेला नाही. विजेसाठी ‘दामिनी’.

पाऊस तोंडावर आला की हे सगळं बाजूला ठेवून रडारचं चित्र आणि हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक अंदाज बघावा. देगलूर, उदगीरकरांनी हैदराबादचं रडार उघडावं, किनवट-माहूरकरांनी नागपूरचं. एक अडचण लक्षात ठेवायची. ही रडार दीडशे ते दोनशे किलोमीटर लांब आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळं एवढ्या लांब त्यांचा किरण जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचावरून जातो. पावसाळ्यातले उंच ढग त्यात सापडतात, हिवाळ्यातले बुटके ढग खालून निसटतात. चित्र कोरं असलं तरी भुरभुर येऊ शकते.

जुन्या माणसांची एक खूण विज्ञानाला धरून आहे. पहाटेची थंडी एकाएकी पळाली, अंगावरचं पांघरूण नकोसं झालं, की ओलावा आला समजायचं. ढग आणि दमट हवा जमिनीची उष्णता रात्री वर जाऊ देत नाहीत. अंदाजात किमान तापमान दोन दिवसांत चार-पाच अंशांनी चढताना दिसलं तर फवारणी थांबवावी. फुलातल्या हरभऱ्यावर पाऊस पडला तर पानांवरची आंब धुऊन जाते, फुलगळ होते, आणि ढगाळ दिवसांत घाटे अळी वाढते. तेव्हा औषध पावसाआधी वाया घालवण्यापेक्षा उघडल्यावर अळी बघून मारलेलं बरं.

महसूल मंडळातलं ‘महावेध’चं यंत्र पडलेला पाऊस मोजतं, पुढचा सांगत नाही. ते आठ-दहा किलोमीटर लांब असेल तर आपल्या रानाचा आकडा वेगळा असणारच. पर्जन्यमापक नसेल तर सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीनं पाणी मोजता येतं. रोज सकाळी साडेआठला मोजावं, हवामान विभागाचा दिवस तेव्हाच संपतो. वहीत शेजारी त्या दिवशीचा ॲपचा अंदाजही लिहावा. दोन हिवाळ्यांत कळतं की आपल्या शिवाराला कोणतं ॲप जुळतं.

अर्धापूरकडच्या हळदीला मात्र दोन दिवसांचा अंदाज पुरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवून पसरली की वाळायला दोन आठवडे लागू शकतात, आणि तेवढ्या पुढचा अंदाज भरवशाचा नसतो. तिथं एकदम सगळी शिजवण्यापेक्षा टप्प्यानं शिजवायची, आणि जेवढी ताडपत्री अंगणात आहे तेवढीच एका वेळी पसरायची.