सायकलीला मोटर लावा, पण आधी ब्रेक तपासा

दहावीची परीक्षा संपली की अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, कॉलेजला जायला गाडी घेऊन द्या ना." हाताशी तेवढे पैसे नसतात आणि व्याजाचे हप्ते नको असतात. मग मुलगा मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतो. जुन्या सायकलीला छोटी मोटर लावलेली असते आणि एक पोरगा पॅडल न मारता भरधाव जात असतो. "हे मी घरीच करतो," असे आपले चिरंजीव जाहीर करतात. अम्मी घाबरते. अब्बा एक तर हसण्यावारी नेतात, नाही तर रागावतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. पालक मला विचारतात तेव्हा माझे उत्तर असते, "नाही म्हणू नका. पण मोटर सगळ्यात शेवटी लावू द्या." मोटर बसवणे हे या कामातले सोपे काम आहे. सायकल वेळेवर थांबणे, बॅटरीने घराला धोका न होणे आणि कायद्यात बसणे ही तीन कामे अवघड आहेत. त्यांकडे मोठ्यांनीच लक्ष द्यायला हवे.

गरजेतून आलेली कल्पना

सायकलीला मोटर लावणे ही आजच्या पोरांची टूम नाही. 1946 मध्ये, महायुद्धाने मोडून पडलेल्या जपानमध्ये, सोइचिरो होंडा यांनी हामामात्सू शहरात लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली, पडून राहिलेली छोटी इंजिने मिळवली आणि ती सायकलींना जोडून विकायला सुरुवात केली. साठा संपल्यावर त्यांनी स्वतःचे इंजिन तयार केले. पुढे त्याच नावाची कंपनी जगभर गेली. त्याच सुमारास इटलीत सायकलीला बसवायचे 48 सीसीचे 'कुचोलो' इंजिन निघाले. कुचोलो म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. आपल्याकडे 1972 मध्ये कायनेटिक कंपनीने लूना आणली. तिला पॅडल होते, 50 सीसीचे इंजिन होते आणि कितीतरी घरांत आलेली ती पहिली गाडी होती. मोठी गाडी परवडत नाही पण लांब तर जायचे आहे, ही गरज तेव्हाही होती आणि आजही आहे.

पेट्रोल की बॅटरी?

बाजारात सायकलीला लावायचे पेट्रोल इंजिनचे किट मिळते. ते घेऊ नका. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाचे इंजिन 25 सीसीपेक्षा मोठे असले की ते मोटार वाहन ठरते. किटमधली इंजिने सहसा याहून बरीच मोठी असतात. म्हणजे नोंदणी हवी, लायसन्स हवे, विमा हवा. आणि घरी जोडलेल्या सायकलीला यातले काहीच सहज मिळत नाही. शिवाय त्या इंजिनाचा दाता मागच्या चाकाच्या स्पोकांवरच आवळलेला असतो. स्पोक तुटला की चाकच अडकते.

विजेच्या मोटरीसाठी नियम वेगळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरीची ताकद 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत, योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर असे दुचाकी वाहन 'मोटार वाहन' धरले जात नाही. मात्र अशा वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेची मान्यता लागते. घरी जोडलेल्या एकट्या सायकलीकडे ती नसते. म्हणून रस्त्यावर नेण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा आणि किटची पावती, मोटरीच्या वॅटचा कागद जपून ठेवा. मान्यता असलेले किट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तेच घ्या.

दुकानदार 350, 500, अगदी 750 वॅटच्या मोटरीही दाखवतो. मुलाचे डोळे तिकडेच जातात. पण त्या मोटरीने सायकल कायद्याच्या नजरेत स्कूटर होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. विमा नसताना कुणाला धडक बसली तर भरपाईही घरालाच भरावी लागते.

आणि 250 वॅट काही कमी नाहीत. साधा माणूस बराच वेळ पॅडल मारतो तेव्हा त्याच्या पायांतून 75 ते 100 वॅट ताकद निघते. म्हणजे ही मोटर आणखी दोन-तीन माणसे पॅडल मारायला बसवल्यासारखी आहे.

हिशेब आधी वहीत

चाकाच्या मधोमध बसणारी हब मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर, बॅटरी, थ्रॉटल किंवा पॅडल फिरल्याचे कळवणारा सेन्सर आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर, एवढाच हा संच. खरेदीआधी मुलाला वही घेऊन बसवा.

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासाची बॅटरी 360 वॅट-तास साठवते. थोडे पॅडल मारत गेल्यास किलोमीटरला साधारण 12 ते 15 वॅट-तास लागतात. म्हणजे 24 ते 30 किलोमीटर. चढ, समोरचा वारा आणि मागे बसलेला दोस्त यांनी हा आकडा झपाट्याने खाली येतो. चार्जिंगला मात्र अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. दहावीच्या पुस्तकातला विजेचा धडा असा गणित होऊन समोर आला की मुले तो विसरत नाहीत.

आता चाक. आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या रिमला सहसा 32 आणि मागच्या रिमला 40 भोके असतात, तर हब मोटरीला बहुधा 36. शिवाय किटवर '28 इंच' लिहिलेले चाक अनेकदा 622 मिलिमीटरचे असते आणि काळ्या सायकलीचे 28 इंची चाक 635 मिलिमीटरचे. जुना टायर नव्या रिमवर बसत नाही. म्हणून टायरच्या कडेवरचा आकडा वाचून मगच मागणी नोंदवा.

कामाचा क्रम

पहिले काम ब्रेकचे. पॅडल मारताना आपण ताशी 12 किलोमीटरच्या आसपास असतो. वेग 25 झाला की तो जेमतेम दुप्पट वाटतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपटीहून अधिक होते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर 12 च्या वेगात सायकल पाच मीटरच्या आसपास थांबते, 25 च्या वेगात पंधरा मीटर घेते. गल्लीत चेंडूमागे धावत आलेल्या मुलासाठी हे दहा मीटर फार मोठे आहेत. जुने रॉडचे ब्रेक पावसात ओल्या रिमवर घसरतात. तेव्हा दोन्ही चाकांना चांगले कॅलिपर किंवा डिस्क ब्रेक घ्या, त्यासाठी फ्रेम बदलावी लागली तरी चालेल. मैदानात खडूने रेघ ओढून, टेपने मोजून ब्रेकची चाचणी घ्या.

दुसरे काम सांगाड्याचे. चिमटा, हँडल आणि फ्रेमचे सगळे जोड सायकलवाल्याकडून तपासून घ्या. तडा, गंज, जुने वेल्डिंग दिसले तर ती सायकल या कामाची नाही. चाकाचा आऊट काढून घ्या. मोटर पुढे लावायची असेल तर चिमटा पोलादीच हवा.

तिसरे काम एक्सलचे. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा एक्सल उलट दिशेने फिरू पाहतो. चिमट्याची खाच त्याने फाकली तर एक्सल गरगर फिरतो, वायर तुटते आणि चाक निखळू शकते. हे टाळायला टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी एक्सलपासून फ्रेमला आवळतात. किटमध्ये ती नसेल तर वेगळी घ्या. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा.

यानंतर वायरिंग. बॅटरीच्या प्लस टोकाजवळच फ्यूज हवा, बाकी वायर त्याच्या पुढे. कंट्रोलर 15 अँपिअरचा असेल तर 20 अँपिअरचा फ्यूज पुरतो. नुसत्या पिळलेल्या जोडांवर चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, पावसाळ्यात ती सुटते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या लूमच्या गावांत मोटरचे वाइंडिंग करणारे कसबी हात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापैकी एकाला एक दुपार सोबत बसवा. हब मोटर लूमच्या मोटरीपेक्षा वेगळी असली तरी पक्का जोड कसा असतो हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही.

बॅटरी घरात येते तेव्हा

खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा. तिथेच काटकसर करण्याचा मोह होतो. भंगारातल्या लॅपटॉपच्या सेलपासून घरी बॅटरी जोडू देऊ नका. लिथियम सेल जास्त चार्ज झाला, चेपला किंवा आत शॉर्ट झाला तर तो तापत जातो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारे सर्किट असलेली तयार बॅटरी पावतीसह घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी थोडी जड असते, पण उष्णता जास्त सहन करते. लेड-ॲसिड स्वस्त पडते, मात्र 12 व्होल्टच्या तीन बॅटऱ्यांचे वजन बारा किलोच्या घरात जाते.

चार्जर त्याच बॅटरीचा हवा. पिन बसते म्हणून दुसरा लावायचा नाही. 36 व्होल्टच्या साध्या लिथियम बॅटरीचा चार्जर 42 व्होल्टवर थांबतो, फॉस्फेटचा त्याहून वर. आपली घरे लहान, बाहेर जायचा दरवाजा एकच. त्या दरवाजाजवळ, जिन्याखाली किंवा गादीवर चार्जिंग नको. फरशीवर, मोकळ्या जागी, घरातले कुणी जागे असताना करा. बॅटरी फुगली, वास आला किंवा हाताला चटका बसू लागला तर वापर बंद. आग लागली तर सायकल वाचवायला जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा.

मुलींचे काय?

हे सगळे लिहिताना 'मुलगा, मुलगा' म्हणत आले, कारण हट्ट बहुधा तोच करतो. पण गरज बहुतेकदा मुलीची मोठी असते. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, कारण शाळा दूर असली की पहिली गळती मुलींची होते. कॉलेज दहा-बारा किलोमीटरवर, एसटीची वेळ जमत नाही, संध्याकाळी परतायला उशीर होतो. इथेच कितीतरी हुशार मुलींचे शिक्षण थांबते. घरात अशी सायकल तयार होणारच असेल, तर पाना तिच्याही हातात द्या आणि सायकलही. जिने एक्सलचा नट स्वतः आवळला आहे, ती वाटेत सायकल बंद पडली तर घाबरून बसत नाही.

मुलाने मोटर जोडली की तो तुम्हाला पहिली चक्कर दाखवायला बोलावील. तेव्हा सायकल किती पळते हे विचारू नका. हेल्मेट घालायला सांगा, मैदानात खडूची रेघ ओढा आणि म्हणा, "बेटा, आधी थांबवून दाखव."