महिन्याभरात कादंबरी? मग आधीच्या महिन्याचं बोला!

जुलै १९९९. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारा ख्रिस बेटी नावाचा विशीतला तरुण मित्रमैत्रिणींना गोळा करतो आणि म्हणतो, चला, महिन्याभरात प्रत्येकाने एक कादंबरी लिहून काढायची. एकवीस जण बसले, सहा जणांनी तडीस नेलं. पुढच्या वर्षी १४० जण आले, त्याच्या पुढच्या वर्षी पाच हजार! ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’, लाडाने ‘नॅनोरायमो’, हे वेड मग जगभर पसरलं.

दुसऱ्या वर्षापासून महिना ठरला नोव्हेंबर. तिकडे तेव्हा हवा इतकी कुंद असते, की घरात बसून लिहिलेलं बरं. आणि ५०,००० शब्दांचा आकडा कुठून आला? बेटीने घरच्या कपाटातली सगळ्यात बारीक कादंबरी काढली, शब्दांचा अंदाज घेतला आणि तेच माप धरलं. ती कादंबरी होती ऑल्डस हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’.

तीस दिवसांत ५०,००० म्हणजे रोज १,६६७ शब्द. फुलस्केपच्या पानावर अडीचशे शब्द बसतात असं धरलं तर रोज सातेक पानं. मराठीत लिहिणाऱ्याला हे माप थोडं जड जातं, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘टेबलाखालच्या’ हा आपला एकच शब्द मोजला जाणार. इंग्रजीत तिथे तीन-चार लागतात. तेव्हा मराठीत चाळीस हजारांवर थांबलात तरी ऐवज तेवढाच भरेल. मी तर म्हणेन, आकडा आपल्या भाषेच्या मापाने खुशाल बदला.

नियमातच तयारी

या खेळाचा मला सगळ्यात आवडणारा नियम असा: पहिल्या तारखेआधी कादंबरीचं एकही वाक्य लिहायचं नाही, पण टिपणं, आराखडे, नकाशे, पात्रांच्या याद्या हवं तेवढं करा. म्हणून जुने खेळाडू ऑक्टोबरभर राबतात. त्या महिन्याला त्यांनी नावच दिलंय, ‘प्रेपटोबर’. एका बाजूला सगळं आखून घेणारे ‘प्लॉटर’, दुसऱ्या बाजूला देवावर हवाला ठेवून उडी मारणारे ‘पँटसर’, आणि दोघांचे वाद ऐन रंगात.

माझं मत प्लॉटरांच्या पारड्यात. झपाट्याने लिहिलेल्या मोठ्या कादंबऱ्यांचा इतिहास पाहिला, की प्रत्येक झपाट्यामागे तयारीचा भलामोठा काळ निघतो. लिहायला बसलेल्या दिवसांची गोष्ट लोक चवीने सांगतात, आधीचा काळ मात्र सांगायचा राहून जातो. तोच इथे थोडा सांगतो.

डॉक्टर, पाकीट आणि टेलिफोन डिरेक्टरी

तयारीचा बादशहा जॉर्ज सिमेनाँ. इन्स्पेक्टर मेग्रेचा हा जनक. स्वतःच्या नावाने दोनशेच्या आसपास कादंबऱ्या, त्यातल्या कितीतरी दहा-अकरा दिवसांत हातावेगळ्या केलेल्या. रोज एक प्रकरण, खाडा नाही.

पण बसण्याआधीचा सोहळा बघा. पुढच्या अकरा दिवसांच्या सगळ्या भेटीगाठी रद्द. मग डॉक्टरांना बोलावून रक्तदाब तपासून घ्यायचा. त्यांनी मान डोलावली तरच कामाला हात. टोक केलेल्या पेन्सिलींची रांग. दिवस खोडत जायला कॅलेंडर. मग एक मोठं पाकीट घ्यायचं आणि त्याच्यावर पात्रांची नावं, वयं, आईवडील, घरचा पत्ता लिहून काढायचा. गोष्टीत प्रत्यक्ष येणार नाही तो तपशीलही त्या पाकिटावर असे. नावं कुठून आणायची? त्यासाठी देशोदेशींच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या जमवलेल्या. आणि मधेच दोन दिवस आजारी पडला तर? आधीची प्रकरणं चक्क टाकून द्यायची, कारण तुटलेला धागा पुन्हा जुळत नाही असं त्याचं ठाम म्हणणं.

डिरेक्टऱ्या आता गेल्या, पण नावांची खाण आपल्याकडे आहेच: लग्नपत्रिका! ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पासून खालच्या निमंत्रकांच्या रांगेपर्यंत एका पत्रिकेत तीन पिढ्यांची नावं मिळतात, तीही गावासकट. एकाचं नाव नि दुसऱ्याचं आडनाव जोडलं, की पात्र तयार. नावं आधी ठरवून ठेवण्याचा फायदा तिसऱ्या दिवशी कळतो. लिहिताना नावासाठी अडलात, तर अर्धा तास तिथेच जातो.

तीन दिवस, पण सहा-सात वर्षं

अगाथा ख्रिस्तीने मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने काही कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली १९४४ ची ‘ॲबसेंट इन द स्प्रिंग’ तिने तीन दिवसांत लिहून संपवली. दुसरं महायुद्ध चालू होतं, ती इस्पितळाच्या औषध विभागात काम करत होती. तिसऱ्या दिवशी काहीतरी सबब सांगून तिने कामावर दांडी मारली, कारण उठली असती तर लय गेली असती. पहिलं प्रकरण झाल्याबरोबर तिने शेवटचं लिहून टाकलं. मुक्काम कुठे आहे ते पक्कं झालं, मग मधला रस्ता कापला. पुस्तक संपल्यावर ती गाढ झोपली.

हा विक्रम सगळे सांगतात. तिने स्वतः आत्मचरित्रात नोंदवलेली गोष्ट त्याहून मोलाची: ही कादंबरी सहा-सात वर्षं तिच्या डोक्यात घोळत होती.

शेवट आधी लिहिण्याची युक्ती मात्र उचलावीच अशी. नियमाने पहिल्या तारखेआधी लिहिता येत नाही ना? मग पहिल्याच दिवशी लिहा.

छापखाना, पोलीस चौकी आणि लग्न

ऑक्टोबर १८६६, सेंट पीटर्सबर्ग. दोस्तोयेव्हस्कीच्या मानेवर करार बसलेला. स्टेलॉव्स्की नावाच्या प्रकाशकाकडून ३,००० रूबल घेतलेले आणि अट अशी, की १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हातात दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन हा प्रकाशक फुकट छापणार! इकडे ‘क्राइम अँड पनिशमेंट’ मासिकातून क्रमशः चाललेली. नव्या कादंबरीचं पान कोरं.

मित्रांच्या सल्ल्याने लघुलेखक शोधला. आली वीस वर्षांची आन्ना स्नित्किना, आपल्या शिक्षकाची पट्टशिष्या. दोस्तोयेव्हस्की रात्री टिपणं काढायचा, दुपारी तिला सांगायचा, ती घरी जाऊन स्वच्छ प्रत करायची. २६ दिवसांत ‘द गॅम्बलर’ तयार. हस्तलिखित द्यायला गेला तर प्रकाशक गावाबाहेर! मुदत टळावी म्हणून मुद्दामच. मग हस्तलिखित पोलीस चौकीत जमा केलं आणि तारीखवेळेची पावती घेतली. फेब्रुवारी १८६७ मध्ये आन्ना आणि दोस्तोयेव्हस्कीचं लग्न झालं.

सव्वीस दिवसांचा पराक्रम खराच. पण जुगाऱ्याच्या या गोष्टीचा आराखडा त्याने १८६३ मध्येच रोमहून एका पत्रात मांडला होता, आणि जुगाराच्या टेबलावरचा अनुभव तर स्वतःच्या खिशाला चाट लावून मिळवलेला.

सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, ही जोडी आपल्याला नवी नाही. व्यासांनी महाभारत सांगायला घेतलं तेव्हा गणपतीने अट घातली, की लेखणी थांबता कामा नये. महिनाभराच्या कादंबरीची अटही नेमकी हीच. व्यासांनी उलट अट टाकली, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. मग मधेमधे गाठीचे श्लोक पेरून पुढचं योजायला उसंत मिळवली. आज मोबाइलला मराठी बोललेलं उतरवून घेता येतं. ज्यांची बोटं देवनागरी कीबोर्डवर अडखळतात, त्यांनी आधीच्या महिन्यात हे शिकून घ्यावं. पहिल्या तारखेला शिकत बसलात तर शब्दांचा हिशेब तिथेच मागे पडेल.

आपल्या घरातले विक्रमवीर

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली ती ९ फेब्रुवारी १९३३ ला, आणि १३ फेब्रुवारीला हात थांबला. पाच दिवस! पुस्तकाचा बराचसा भाग तिथेच उतरला, थोडा बाहेर आल्यावर. दिवसा तुरुंगाचं काम, लिहिणं रात्री. लेखनाच्या वेगाबद्दल बोलताना आपण परदेशी नावं घेतो, हे नाव आधी घ्यायला हवं. आणि पूर्वतयारी विचाराल तर, त्या आईच्या आठवणी त्यांनी आयुष्यभर उराशी जपलेल्या होत्या.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ही अशीच झपाटलेली. १९६३ साल, वय पंचविशीचं, पुस्तक काही आठवड्यांत लिहून झालं. मराठी कादंबरीची वाट त्या आठवड्यांनी बदलली. पुण्यातल्या कॉलेजचे दिवस मात्र त्याआधी भरपूर जगून झालेले होते.

बाबूराव अर्नाळकरांचा आवाका वेगळाच. झुंजार, काळा पहाड, धनंजय यांच्या रहस्यकथांची हजाराहून जास्त पुस्तकं, आणि त्या संख्येसाठी गिनेस बुकात नोंद. त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ठरलेला नायक. नायकाचा स्वभाव, त्याचे साथीदार, त्याच्या लकबी एकदा पक्क्या झाल्या, की लेखकाला रोज फक्त नवं संकट शोधायचं उरतं.

घरच्यांशी तह

काझुओ इशिगुरोने १९८७ मध्ये ‘द रिमेन्स ऑफ द डे’चा पहिला खर्डा चार आठवड्यांत लिहिला. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते रात्री साडेदहा. जेवायला दुपारी एक तास, रात्री दोन. टपाल बघायचं नाही, फोनला हात लावायचा नाही, घरी कुणी यायचं नाही. स्वयंपाक आणि घरकामातला त्याचा वाटा ते चार आठवडे पत्नी लॉर्नाने उचलला. म्हणजे आधी दोघांनी बसून ठरवलं होतं! आणि त्याआधी इंग्लंडमधल्या नोकरचाकरांच्या जगाबद्दल त्याचं वाचन भरपूर झालं होतं. वाक्य वाईट पडलं, दुपारचं सकाळच्याशी जुळलं नाही, तरी मागे वळायचं नाही असं त्याने ठरवून टाकलेलं. पुढे १९८९ चं बुकर त्याच कादंबरीला.

हा तह तयारीतला सगळ्यात मोठा भाग आहे असं मला मनापासून वाटतं. विशेषतः आपल्याकडच्या लिहिणाऱ्या बायकांसाठी. डबा, शाळेची बस, सासूबाईंची औषधं यांची वाटणी कागदावर लिहून आधीच फ्रिजवर लावायला हवी. ‘बघू जमेल तसं’ म्हटलं, की जमत नाही.

किरकोळ, पण कामाचं

कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसता यावं म्हणून उठवायला आणि कॉफी आणून द्यायला जुन्या मोतद्दाराला वर्षाला ५ पौंड जास्तीचे. समोर घड्याळ, पाव तासाला २५० शब्द. या वेगाने रोजचे १,६६७ शब्द शंभर मिनिटांत!

जॅक केरुॲकने एप्रिल १९५१ मध्ये ‘ऑन द रोड’ तीन आठवड्यांत टाइप केली. कागद बदलायला थांबावं लागू नये म्हणून आधीच पानं जोडून १२० फुटी गुंडाळी केलेली. सगळे गुंडाळी बघतात, मागच्या कित्येक वर्षांच्या वह्या कुणी बघत नाही.

रे ब्रॅडबरीला घरी शांतता नव्हती. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ग्रंथालयाच्या तळघरात भाड्याचे टाइपरायटर होते, अर्ध्या तासाला दहा सेंट. नऊ दिवसांत ९ डॉलर ८० सेंट खर्चून त्याने जो खर्डा केला, त्यातूनच पुढे ‘फॅरनहाइट ४५१’ झाली. नाणं टाकलं की घड्याळ चालू, टंगळमंगळ कोण करणार?

महिना कुठला?

‘नॅनोरायमो’ चालवणाऱ्या मूळ संस्थेने मार्च २०२५ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे अडत काहीच नाही. वही आपली, महिना आपला. नोव्हेंबरचा हट्ट तर आपण सोडावाच. आपल्याकडे कधीकधी ऐन नोव्हेंबरात दिवाळी येते आणि फराळासमोर कादंबरीचा निभाव लागणं कठीण. जुलै उत्तम. बाहेर पाऊस, घरात चहा, आणि पहिलं वर्ष जुलैतच झालं होतं हा इतिहासाचा दाखलाही हाताशी.

पण खरी सोय आपल्या पंचांगातच आहे: अधिक महिना! साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांती नाही, म्हणजे उठून जावंच लागेल अशी आमंत्रणं जवळपास बंद. आधीच्या महिन्यात पाकीट भरून ठेवा, पत्रिकांमधून नावं काढा, घरचा तह करा आणि अधिकाच्या प्रतिपदेला बसा. शिवाय या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण मिळतं. जावईबापू लिहिणारे असतील तर हिशेब सोपा आहे: ५०,००० शब्द, ३३ अनारसे, दर पंधराशे शब्दांमागे एक.