मांजरी ते हिंजवडी

पुण्यातल्या मांजरी बुद्रुकमध्ये राहणाऱ्या आयटीवाल्याचं ऑफिस मगरपट्ट्यात किंवा नदीपल्याड खराडीत असेल, तर ‘आठवड्याचे पाचही दिवस या’ हा मेल पचतो. पण ऑफिस हिंजवडीत असेल तर? अंतर सुमारे ३० किलोमीटर, तेही अख्खं शहर ओलांडून. टॉमटॉमच्या २०२४च्या पाहणीत पुण्याची वाहतूक जगात चौथ्या क्रमांकाची संथ ठरली. १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. याच वेगाने जाऊन-येऊन तीन तासांहून अधिक वेळ रस्त्यावर जातो. त्याचा पगार कुणी देत नाही.

घरून काम करण्याची मागणी आळसातून येते, असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

अर्थात, ही मुभा सगळ्यांना कधीच नव्हती. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवाले घरी बसले, तेव्हा याच मांजरीत सीरम इन्स्टिट्यूटचे कामगार प्रकल्पात जात होते. १२ जानेवारी २०२१च्या पहाटे कोविशिल्ड लशीचे पहिले ट्रक इथूनच निघाले.

ज्यांना मुभा मिळाली, त्यांची मात्र धरसोड झाली. २०२५पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी ऑफिसात लागतील, असं टीसीएसने २०२०मध्ये जाहीर केलं होतं. त्या भरवशावर कुणी गावाकडे गेलं, कुणी लांबच्या उपनगरात फ्लॅट घेतला. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याच कंपनीने पाच दिवसांची हजेरी मागितली आणि पुढच्या वर्षी व्हेरिएबल पेही हजेरीशी जोडला. इन्फोसिसने मार्च २०२५पासून अनेकांना महिन्यातून किमान दहा दिवस यायला सांगितलं.

कंपन्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. नवखी मुलं शेजारच्या सीनियरकडे बघूनच अर्धं काम शिकतात. वन बीएचकेत तिघं-चौघं राहणाऱ्यांना तर ऑफिसातला एसी आणि शांतताच हवी असते. पण म्हणून सगळ्यांना पाच दिवस?

चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये आले. दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडण्याचं प्रमाण एक-तृतीयांशाने घटलं, कामाचा दर्जा मात्र तसाच राहिला. सर्वाधिक फायदा झाला तो स्त्रियांना आणि लांबून येणाऱ्यांना. प्रयोगाआधी काम घटेल म्हणणाऱ्या तिथल्या मॅनेजरांचं मतही नंतर बदललं. पुण्यातल्या कंपन्यांनी हजेरीचा नियम काढण्याआधी कर्मचाऱ्यांचे पिनकोड तरी पाहावेत.